दुकानात छान वाटलेला हेडफोन घरी तासाभरात डोकं दुखवतो. सवय होईल का, की दुसरा घेऊ?

सवय होणार नाही. परत करायची मुदत असेल तर हा परत करा आणि दुसरा घ्या.

तुम्ही लिहिलंय की चष्मा आहे, रोज पाच-सहा तास शास्त्रीय गाणं ऐकता, पंधरा हजारांपर्यंत तयारी आहे, आणि दुकानदारापासून मेहुण्यांपर्यंत सगळे म्हणतायत, 'थोडे दिवस घाला, सवय होईल.' या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसले. हेच वाक्य मी सख्ख्या भावाकडून आठ महिने ऐकलं आणि त्यापायी बावीस कॅसेटींचं काम वाया घालवलं.

आम्ही मिरजेचे. आमचे आप्पा गाण्याचे वेडे. स्वतः गात नसत, पण टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून दर्ग्यातल्या उरुसाची संगीतसभा, कुणाच्या वाड्यातली बैठक, सांगलीतला कार्यक्रम, जिथे परवानगी मिळेल तिथे जाऊन बसत. ते गेले तेव्हा कपाटातून ११८ कॅसेटी निघाल्या, बहुतेक नव्वद मिनिटांच्या. म्हणजे पावणेदोनशे तासांचं गाणं. दादा पुण्याला, मी इथे, म्हणून त्या माझ्याकडे राहिल्या. २०२०च्या टाळेबंदीत मी त्या संगणकावर उतरवायला घेतल्या. हे काम घाईत होत नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरायला नव्वद मिनिटंच लागतात, आणि नंतर साफसफाईला तेवढीच. रोजचे पाच तास हेडफोन कानावर.

तो हेडफोन दादाने पाठवला होता. महागातला. बंद पाठीचा (म्हणजे वाट्या मागून पूर्ण झाकलेल्या), धातूची पट्टी, जाड काळ्या गाद्या. पहिल्या दिवशी कानाला लावला आणि खरंच वाटलं, असं आपण कधी ऐकलंच नव्हतं. तारेवर बोट पडलेलं, गायकाने घेतलेला श्वास, पुढच्या रांगेतली वाहवा, सगळं सुटं सुटं ऐकू येत होतं. दुसऱ्या तासाला चष्म्याची काडी कानावर जिथे टेकते तिथे ठणका लागला. तिसऱ्या तासाला टाळूच्या मधोमध कुणी अंगठा रोवून धरल्यासारखं व्हायला लागलं.

फोन केला तर दादा म्हणाला, "अगं नवा आहे. नवी चप्पल चावत नाही का? सवय होईल."

मी विश्वास ठेवला. दादा इंजिनिअर, त्यातून मोठा, आणि वस्तू एवढी महाग. दोष तिचा असेल हे मनातच आलं नाही. पट्टीखाली हातरुमाल घडी करून ठेवला. डोळे तपासून घेतले, नंबर तोच होता. झोप कमी होतेय का, पाणी कमी पितेय का, सगळं करून झालं. फक्त हेडफोन बदलला नाही.

दुखणं मी सोसलं असतं हो. नुकसान दुसरीकडेच होत होतं. दुखणाऱ्या डोक्याने बसलेला माणूस काम लवकर उरकायला बघतो. त्यात त्या हेडफोनच्या आवाजातला वरचा पट्टा, म्हणजे जिथे 'स', 'श' आणि झांज वाजते तो, मुद्दाम उचललेला होता. दुकानात त्यालाच लोक 'क्लॅरिटी' म्हणतात. जुन्या कॅसेटीची सळसळही नेमकी त्याच पट्ट्यात जास्त जाणवते. मला ती भयंकर मोठी ऐकू यायची आणि तिसऱ्या तासाला असह्य व्हायची. मग मी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती भरपूर कापायची. सळसळ गेली की कान शांत व्हायचे. मला वाटायचं, काय सुंदर साफ झालंय.

आमच्याकडे सतारमेकर गल्लीत तंबोरे करणारे एक काका आहेत. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते तुम्ही वाचलं असेल. हत्यारं करणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हा धंदा उचलला आणि आजही त्याच घरांत चालतो.) एका बैठकीतले तंबोरे त्यांच्या वडिलांच्या हातचे होते, म्हणून त्यांना ते ध्वनिमुद्रण ऐकायचं होतं. मी मोठ्या अभिमानाने पेनड्राइव्ह घेऊन गेले. त्यांच्या साध्या जुन्या स्पीकरवर दोन मिनिटं ऐकलं आणि त्यांनी हात वर केला. म्हणाले, "ताई, या तंबोऱ्याची जवारी कुणी बंद केली?"

जवारी माहीत असेलच तुम्हाला. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा वरचा पृष्ठभाग अगदी हलका गोलसर घासतात, तारेखाली दोरा सरकवतात, आणि तार त्या उतारावर चाटत राहते, त्यातून वरचे वरचे स्वर उमलतात. षड्जाच्या तारेत गंधार ऐकू येतो तो त्यामुळेच. हे वरचे स्वर बारीक असतात आणि सतत वाजत असतात. सळसळही बारीक आणि सतत. सळसळ कापणाऱ्या सॉफ्टवेअरला मी जो जोर लावला होता, त्यात दोन्ही एकत्र गेलं. उरला तो टणटण वाजणारा, जवारी नसलेला तंबोरा. बावीस कॅसेटींमध्ये.

मूळ उतरवलेल्या फायली मी ठेवल्या नव्हत्या, फक्त साफ केलेल्या ठेवल्या होत्या. ती चूक माझीच. बावीसच्या बावीस पुन्हा लावल्या, तेहतीस तास. त्यातल्या एका कॅसेटीची फीत दुसऱ्यांदा लावताना तुटली. जोडली, पण मधले काही क्षण गेले ते गेले. एका बाईंचा मारवा होता. तो तुकडा ऐकताना अजून हात थांबतो माझा.

दादाचं म्हणणं आजही हेच की हेडफोन चांगलाच होता, तुझं डोकं नाजूक आहे आणि सॉफ्टवेअर तू चुकीचं वापरलंस. सॉफ्टवेअरचं मान्य. डोक्याचं नाही. डोकेदुखीचं जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण डॉक्टर वापरतात, त्यात बाहेरच्या दाबामुळे होणारी डोकेदुखी स्वतंत्र नोंदलेली आहे. हेल्मेटने होते, पोहण्याच्या चष्म्याने होते. तिची खूणही तिथेच दिलीय: दाब आल्यावर तासाभरात सुरू होते आणि काढल्यावर तासाभरात जाते. तुम्ही स्वतःच लिहिलंय 'तासाभरात'. म्हणजे तुमच्या मेहुण्यांना काय सांगायचं ते तुमच्या प्रश्नातच आहे. हेडफोन काढूनही दुखणं तासभरात गेलं नाही तर मात्र ते प्रकरण वेगळं, मग डॉक्टरकडे जा, इथे विचारत बसू नका.

आता निवडीचं. माझं मत सरळ आहे: आधी वजन आणि पकड, मग आवाज. दुखणाऱ्या हेडफोनचा आवाज कितीही चांगला असला तरी तिसऱ्या तासाला तो तुम्हाला ऐकूच येत नाही. चष्मेवाल्याने आणि रोज पाच तास ऐकणाऱ्याने २७० ग्रॅमच्या वर जाऊ नये. खोक्यावर वजन नसेल तर वाणसामानाच्या काट्यावर ठेवा, वायर काढून.

मी शेवटी सेनहायझरचा एचडी ५६०एस घेतला. उघड्या पाठीचा, २४० ग्रॅम, मखमली गाद्या. मखमलीत चष्म्याची काडी रुतते, गादी तिच्याभोवती बसते. रेक्झिनसारख्या गुळगुळीत गादीत काडीपाशी फट राहते, आणि बंद पाठीच्या हेडफोनमध्ये त्या फटीतून खर्ज निघून जातो. चष्मा काढून ऐका आणि घालून ऐका, डग्ग्याची घुमक कमी झालेली स्पष्ट कळेल. शिवाय तसल्या गाद्या आपल्या दमट हवेत दोन-तीन पावसाळ्यांत सोलपटतात, गळ्यावर काळे कण पडतात. मुंबई-कोकणात राहत असाल तर त्या गाद्यांच्या वाटेला जाऊच नका.

उघड्या पाठीचा म्हणजे वाट्यांना मागे जाळी असते, हवा आणि आवाज आरपार जातात. कान तापत नाहीत, आणि गाणं डोक्याच्या आत वाजण्याऐवजी थोडं समोर उभं राहतं. बैठकीच्या गाण्याला याहून योग्य काही नाही. याच घराण्यातला एचडी ६०० हा १९९७पासून बाजारात आहे, २६० ग्रॅमचा, आणि आवाजात माझ्या मते अजून सरस, विशेषतः गळ्याला. पण तो ३०० ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अवरोध, तो जास्त तर साधारणपणे जोरही जास्त लागतो), नुसत्या मोबाइलवर त्याला पुरेसा जोर मिळत नाही, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा लागतो आणि पंधरा हजारांत हे दोन्ही बसवणं अवघड. ५६०एस १२० ओहमचा आहे, लॅपटॉपवर किंवा मोबाइलला हेडफोन जोडायच्या चांगल्या डोंगलवर चालतो. एचडी ५९९ तर ५० ओहमचा, मोबाइललाही चालेल, आवाज थोडा ऊबदार. किमती दर सणाला बदलतात, तेव्हा त्या तुमच्या तुम्ही बघा.

दुकानात पाच मिनिटं ऐकून ठरवू नका. दुकानात गोंगाट असतो, आवाज मोठा ठेवलेला असतो, आणि मोठा व चकचकीत वाजणारा हेडफोन तिथे नेहमीच जिंकतो. मीही पहिल्या दिवशी त्यालाच भुलले होते. घरी आणा, चष्मा घाला, आणि पहिला अर्धा तास काहीही न लावता नुसता घालून बसा. मान खाली घालून पेपर वाचा. पट्टी टाळूवर कुठे टेकते, कानाची पाळी आतल्या कापडाला घासते का, जबड्यामागे दाब येतो का, हे गाणं सुरू असताना कळत नाही. मग नुसता तंबोरा लावा, वीस मिनिटं, ओळखीचा. वीस मिनिटांनी तो टोचायला लागला तर त्या हेडफोनचा वरचा पट्टा चढा आहे आणि पाच तास तुम्हाला सोसणार नाही. तंबोऱ्याशिवाय दुसरी परीक्षा मला माहीत नाही.

आता काही गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर माझ्यावर चिडाल. उघड्या पाठीचा हेडफोन बाहेरचं सगळं आत येऊ देतो. पंखा, कुकर, शेजारची मालिका. आमच्याकडे पंखा वरच असल्यामुळे मी पहाटे साडेचारला बसते. तुमचं ऐकणं भर दुपारी, भरल्या घरात असेल तर हा सल्ला तुम्हाला लागू नाही. मग बंद पाठीचा पण मखमली गाद्यांचा बघा, उदाहरणार्थ बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ८० ओहमचा, २७० ग्रॅमचा. त्याचा वरचा पट्टाही चढाच आहे, तेव्हा तंबोऱ्याची परीक्षा घेतल्याशिवाय ठेवून घेऊ नका. बसमध्ये, ऑफिसमध्ये ऐकत असाल तर बाहेरचा आवाज दाबणारे बिनतारीच घ्या, तिथे माझ्या मताला किंमत देऊ नका. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ २५० ग्रॅमचा आहे, म्हणजे वजनात बसतो.

आणि सवयीबद्दल थोडं खरं दादाच्या बाजूनेही आहे, ते सांगते. नव्या हेडफोनची पकड सैल होते. ५६०एससुद्धा आधी घट्ट वाटला. रात्री दोन जाडजूड पुस्तकांवर, डोक्यापेक्षा किंचित रुंद, ताणून ठेवला, चार-पाच दिवसांत बरा झाला. पण ती पट्टी सैल झाली, डोक्याने काही शिकलं नाही. आणि टाळूवर येणारं वजन पुस्तकांवर ठेवून कमी होत नाही. तुमचं दुखणं कानामागे असेल तर हा उपाय आठवडाभर करून बघायला हरकत नाही. टाळूवर असेल तर नाही.

डोक्याला तेल लावत असाल तर मखमली गाद्या महिन्या-दोन महिन्यांनी काढून कोमट पाण्यात साबण घालून हाताने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा.

आवाजाची पातळी तुम्ही विचारली नव्हती, पण रोज पाच-सहा तास म्हणजे आठवड्याला चाळीस तासांच्या आसपास जातं. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे. दर तीन डेसिबल वाढवले की वेळ निम्मा. ८३ला वीस तास, ८६ला दहाच. शेजारी बसून कुणी हाक मारली आणि उघड्या पाठीच्या हेडफोनमधून ती ऐकू आली नाही, तर आवाज खाली आणा.

गेल्या दिवाळीत दादा आला होता. माझा ५६०एस लावून आप्पांची एक कॅसेट ऐकायला बसला, तीच जवारीवाली, पुन्हा उतरवलेली. फराळाला दोनदा हाक मारली तरी उठला नाही. उठल्यावर मानेवरून हात फिरवला नाही, टाळू चोळली नाही. मी काही बोलले नाही, तोही बोलला नाही. पुण्याला जाताना मात्र मॉडेलचं नाव लिहून मागितलं.

तुमची परत करायची मुदत किती दिवस उरलीय ते आजच बघा, खोकं आणि बिल जपून ठेवलंय ना?