गॅस भरण्याआधी गळती शोधा: जुन्या गाडीच्या एसीबद्दल वाचकांचे प्रश्न

जोतिबाच्या यात्रेच्या सुमारास कोल्हापुरात ऊन चढायला लागतं आणि एसीबद्दलचे प्रश्न येऊ लागतात. यंदा आलेल्या बहुतेक प्रश्नांत एक वाक्य होतंच, 'गॅस भरून बघितला'. भरण्याआधी तपासलं का, हे मात्र कुणीच लिहिलेलं नाही.

माझी 2009 सालची पेट्रोल गाडी आहे. दर उन्हाळ्यात गॅस भरतो, दोन महिने गारवा मिळतो, मग परत जैसे थे. मेस्त्री म्हणतात, जुनी गाडी आहे, गॅस संपणारच. खरं आहे का? (कागल)

नाही. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. रबरी नळ्यांतून वर्षाला थोडासा झिरपतो, त्यामुळे चार-पाच वर्षांनी थंडावा किंचित कमी झाला तर समजू शकतं. दोन महिन्यांत रिकामा होत असेल तर गळती आहेच, आणि ती सापडेपर्यंत भरलेला प्रत्येक गॅस वाया जाणार.

गळतीची पहिली खूण डोळ्यांना दिसते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. जिथून गॅस जातो तिथे तेल पाझरतं आणि त्यावर धूळ बसून काळपट, चिकट डाग पडतो. बॉनेट उघडून नळ्यांचे जोड, कॉम्प्रेसरच्या क्लचमागचा भाग आणि रेडिएटरपुढच्या कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) खालचा काठ टॉर्च मारून बघा. आपल्याकडे पावसाळाभर चिखल त्या काठावर साचून राहतो आणि ॲल्युमिनियम तिथूनच सडतं. काहीच दिसलं नाही तर नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरून, जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायला सांगा. बाहेर कुठेच बुडबुडा नाही आणि दाब तर उतरतोय, असं झालं तर संशय डॅशबोर्डमधल्या कूलिंग कॉइलवर घ्यावा. ते काम खर्चिक आहे. डॅशबोर्ड खोलायचाच असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हही (कॉइलमध्ये किती गॅस सोडायचा ते ठरवणारा) त्याच वेळी बदलून घ्या.

दुरुस्तीनंतर निदान अर्धा तास व्हॅक्युम (नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढणं), मग वजन करून गॅस. किती ग्रॅम लागतो ते बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं, लहान गाड्यांत साधारण 350 ते 500 ग्रॅम. इंजिन बंद असताना दाब मोजायचं गेज लावून 'गॅस बरोबर आहे' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आत द्रवरूप गॅसचा थोडा अंश शिल्लक असला तरी 32 अंशांना आर-134ए चा, म्हणजे तुमच्या एसीतल्या गॅसचा, दाब शंभर पीएसआयच्या आसपासच दिसतो. तो दाब तापमान सांगतो, गॅस किती ते सांगत नाही.

आणखी दोन गोष्टी कळकळीने सांगतो. गळती बुजवणारं केमिकल घालून घेऊ नका, ते व्हॉल्व्हमध्ये अडकतं आणि गॅस भरायचं मशीनही खराब करतं. आणि स्वस्तात पडतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस तर मुळीच भरू देऊ नका. कॉइल फुटली तर तो पेट घेणारा वायू तुमच्या मुलाबाळांच्या केबिनमध्ये शिरेल. भरणाऱ्याला कॅन दाखवायला सांगा, त्यावर 134ए लिहिलेलं हवं.

हायवेला एसी झकास चालतो. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबलो की गरम हवा. गॅस कमी असेल का? (राजारामपुरी)

आधी पंखा बघा. गाडी पळत असते तेव्हा कंडेन्सरला वाऱ्याने थंडावा मिळतो, थांबल्यावर सगळी भिस्त पंख्यावर. इंजिन चालू ठेवून एसी लावा आणि पुढून बघा. हात मात्र लांब ठेवा, पंखा अचानक फिरतो. कॉम्प्रेसरचा क्लच 'टक' करून जोडला गेला आणि थोड्या वेळातही पंखा फिरला नाही, तर फ्यूज, रिले आणि मोटर या क्रमाने तपासायला लावा. फिरतोय पण मंद आहे, तर बहुधा मोटरचे ब्रश झिजलेत.

पंखा ठीक असेल तर कंडेन्सर धुवा. गळिताच्या हंगामात पाचट जाळल्याची काजळी आणि रस्त्याची धूळ त्याच्या पात्यांत घट्ट बसते. साधा पाइप, हलकी धार. जोराच्या प्रेशरने पाती वाकतात. एवढं करूनही फरक नाही पडला तरच गेज. 35 अंशांच्या आसपासच्या हवेत लो साइड (कॉम्प्रेसरकडे येणारी, कमी दाबाची बाजू) साधारण 30 ते 45 आणि हाय साइड (कॉम्प्रेसरमधून निघणारी, जास्त दाबाची बाजू) 200 ते 250 पीएसआय असावी. दोन्ही चढलेल्या असतील तर गॅस जास्त भरलाय किंवा कंडेन्सर उष्णता टाकत नाहीये. दोन्ही उतरलेल्या असतील तर गॅस कमी. लो चढलेली आणि हाय उतरलेली दिसली, तर कॉम्प्रेसर थकलाय.

जुनी सेडान घेतली, ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलची. 22 अंश लावले तरी गरम हवा येते आणि डॅशबोर्डमागे टकटक वाजतं. मेस्त्री कॉम्प्रेसर बदला म्हणतात. (शाहूपुरी)

कॉम्प्रेसरला हात लावू देऊ नका, ताई. एसी चालू करून पाच मिनिटांनी बॉनेट उघडा. केबिनकडून कॉम्प्रेसरकडे येणारी जाड नळी गार आणि घामेजलेली असेल, तर थंडावा तयार होतोय, तो आत पोचत नाही. गरम-गार हवा मिसळणारी एक फ्लॅप असते, ती छोट्या मोटरवर चालते. त्या मोटरचे प्लॅस्टिकचे दाते तुटले की ती जागच्या जागी टकटक करते आणि फ्लॅप हीटरकडेच अडकते. मोटर बदलली की बहुधा काम होतं. त्यानंतर फ्लॅप कुठून कुठपर्यंत फिरते ते एसीच्या कंट्रोलरला पुन्हा शिकवावं लागतं, ते स्कॅनर असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

तुमचा भाग शाहूपुरी, म्हणून विचारतो: गाडी 2019 किंवा 2021 च्या महापुरात बुडाली होती का? पायाजवळचं कार्पेट उचलून वायरिंगचे सॉकेट बघा. पितळी टोकांवर हिरवा गंज असेल तर मोटर नवी घालूनही दोष परत येईल, सॉकेट आधी.

ब्लोअर फक्त चार नंबरवर चालतो. (इचलकरंजी)

ब्लोअरचा वेग कमी करणारा रेझिस्टन्स जळालाय. भाग स्वस्त आहे, बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समागे असतो. पण तो का जळाला तेही बघा: ब्लोअरच्या पंख्यात पाला किंवा उंदराचं घरटं अडकून मोटर जड फिरत असेल, तर नवाही जळेल.

गगनबावड्याला जाताना काच धुरकटते आणि डाव्या बाजूचं मॅट ओलं होतं. (फुलेवाडी)

कूलिंग कॉइलवर जमणारं पाणी बाहेर सोडणारी रबरी नळी बहुधा तुंबली आहे. गाडीखाली डाव्या बाजूला तिचं तोंड सापडेल. मऊ वायरने हलकेच मोकळी करा, आत खुपसू नका, वरच कॉइल आहे. पाणी बोटावर घेऊन बघा: साधं असेल तर काळजी नाही. चिकट, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट आहे, हीटरची कॉइल गळतेय. मग रेडिएटरची पातळी तपासल्याशिवाय करूळ घाट उतरू नका. काचेसाठी एसी आणि हीटर एकत्र चालवा, हवा बाहेरून घ्या, आतली फिरवू नका. एसी ओल काढतो, हीटर काच कोमट ठेवतो. घाटातल्या धुक्यात खिडकी उघडण्यापेक्षा हे लवकर काम करतं.