सिव्हिल करून गावाकडचे पूल आणि पाणीयोजना डिझाइन करण्यात पोट भरतं का?

शेवटच्या वर्षाला आहात, शहरातले टॉवर नकोत, गावाकडचे पूल-बंधारे करायचेत आणि त्यात पोट भरेल का, असं विचारलंय. भरतं. माझं १८ वर्षं भरतंय. बिलं वेळेवर निघत नाहीत, एवढंच.

सरकारी वाट म्हणजे एमपीएससी किंवा जिल्हा परिषदेतली कनिष्ठ अभियंत्याची भरती. मी खासगीत आहे. सर्व्हे, डिझाइन, अंदाजपत्रक करून देतो.

स्लॅबमधली सळई सॉफ्टवेअर काढून देतं. डोकं लागतं ते पूर किती धरायचा यात. गावच्या ओढ्याचं पाणी कुणी कधी मोजलेलं नसतं. मग आपल्याकडे पाणलोटाच्या क्षेत्रफळावरून पुराचा अंदाज देणारं इंग्लिसचं सूत्र लावतात. १० चौरस किलोमीटर पाणलोटाला ते सेकंदाला जवळपास २७५ घनमीटर पाणी देतं. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत ओढा बघून हा आकडा कुणालाच पटत नाही, सरपंचाला तर नाहीच.

माझी पहिली नळकांडी फरशी, म्हणजे खालून पाइप टाकलेला ठेंगणा पूल, कागदावर चोख होती. पहिल्याच पावसात उसाचं पाचट आणि बाभळीच्या फांद्या येऊन पाइपांची तोंडं बुजली, पाणी बाजूने फिरलं आणि जोडरस्ता कापून घेऊन गेलं. फरशी जागेवर, रस्ता गायब! पलीकडच्या वस्तीतल्या आजी म्हणाल्या, "अरे, पाणी दरसाल देवळाच्या पायरीला लागतंय, इचारायचं तरी." मी लेव्हल घेतली होती, म्हणजे जागेची उंची मोजली होती, पण विचारलं नव्हतं. तेव्हापासून आधी म्हाताऱ्या माणसांकडून पुराच्या खुणा दाखवून घेतो, मग लेव्हल मशीन लावतो. पाइपांऐवजी जमेल तिथे सरळ स्लॅबचे गाळे देतो.

पाणीयोजनेचं गणित सोपं. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर, लोकसंख्या ३० वर्षांनंतरची. ३,००० माणसं धरली तर १,६५,००० लिटर, वर गळती. अडतं ते विजेपाशी. पंप दिवसातून किती तास चालणार, हे धरल्याशिवाय पंपाची अश्वशक्ती काढूच नका.

नोकरी शोधण्याआधी एक करा. पावसाळा संपला की जवळच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या काढत्या-घालत्या फळ्या, घालताना जाऊन उभे राहा. दोन बरग्यांच्या फटीतून पाणी कुठे सुटतं आणि माणसं ते कशाने बुजवतात, ते बघा. मला ते कॉलेजात कुणी दाखवलं नव्हतं.