डिंकवाले आणि टाचणीवाले

"आयुष्यभर आपसात भांडणाऱ्या आयरिश रिपब्लिकनांनी 1998 चा करार स्वीकारलाच कसा? थकले म्हणून थांबले का?" असा तुमचा प्रश्न आहे. रिपब्लिकन म्हणजे ब्रिटनपासून तुटून अख्ख्या आयर्लंडचं एक प्रजासत्ताक मागणारे, आणि 1998 चा करार म्हणजे उत्तर आयर्लंडमधला रक्तपात थांबवणारा शांतता करार. थकले होतेच. साडेतीन हजारांहून जास्त माणसं गेल्यावर कोण थकणार नाही? पण माझ्या मते खरं कारण वेगळं आहे: फूट पडण्याच्या भीतीने ते हळू चालायला शिकले.

डब्लिनला मी सहा वर्षं नोकरीला होतो. तिथला एक जुना विनोद आहे. नवी रिपब्लिकन संघटना निघाली की पहिल्या बैठकीतला पहिला विषय कोणता? फूट! आपल्याकडे आयर्लंड म्हटलं की एकजुटीचा लढा आठवतो, कारण होमरूल हा शब्द टिळकांच्या काळात तिथूनच इकडे आला. पण आतून पाहिलं तर गोष्ट निराळी आहे.

ब्रिटनशी झालेल्या 1921 च्या करारावरून आयरिश नेत्यांत पेटलेलं भांडण फाळणीवरून, म्हणजे उत्तरेचा तुकडा ब्रिटनकडे राहण्यावरून झालं असं बरेच जण समजतात. चर्चेत जास्त वेळ गेला तो ब्रिटिश राजाशी निष्ठेच्या शपथेवर. जानेवारी 1922 मध्ये डॉलने, म्हणजे आयरिश संसदेने, 64 विरुद्ध 57 मतांनी करार मान्य केला आणि सहा महिन्यांच्या आत यादवी सुरू झाली. करारावर सही करणारा नेता मायकेल कॉलिन्स ब्रिटिशांच्या नव्हे, आयरिश माणसाच्या गोळीने गेला. यादवीत हरलेल्या करारविरोधकांतल्या कट्टरांनी मग एक भूमिका घेतली: खरी संसद ती 1921 ची, दुसरी डॉल; त्यानंतरचं सगळं बेकायदा. निवडणूक लढवा, जिंका, पण सभागृहात बसू नका.

1938 साली त्या डॉलच्या सात शिल्लक निष्ठावंतांनी आपले 'अधिकार' आयआरएच्या, म्हणजे रिपब्लिकनांच्या सशस्त्र संघटनेच्या, आर्मी कौन्सिलकडे सोपवले. पुढे त्या सातांतला एकच उरला, मेयोचा टॉम मग्वायर. 1969 च्या ऑगस्टमध्ये बेलफास्टचे कॅथलिक मोहल्ले जळाले, तेव्हा आयआरए त्यांना वाचवू शकली नाही. शिवाय डावीकडे झुकलेल्या नेतृत्वाला संसदेवरचा बहिष्कार सोडायचा होता. संघटना फुटली: जुन्या नेतृत्वाचा गट ऑफिशियल, बाहेर पडलेल्यांचा प्रोव्हिजनल. मग्वायरने प्रोव्हिजनल गटाच्या बाजूने कौल दिला. 1986 मध्ये प्रोव्हिजनलांच्या शिन फेन या राजकीय पक्षाचा नेता गेरी ॲडम्स याच्या लोकांनीही डब्लिनच्या संसदेत बसायचं ठरवलं, 429 विरुद्ध 161. पक्षाचे जुने नेते रुअरी ओ ब्राडी आपली माणसं घेऊन सभागृहाबाहेर पडले आणि नव्वदी पार केलेल्या मग्वायरने आता बाहेर पडलेल्यांनाच खरं ठरवलं. एका म्हाताऱ्याच्या शब्दावर सैन्याची वैधता! हसू येतं, पण त्या शब्दाच्या जोरावर माणसं मारली गेली.

1969-70 च्या फुटीतली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. ईस्टरला 1916 च्या हुतात्म्यांसाठी छातीवर कागदी लिलीचं फूल लावतात. ऑफिशियल गटाचं फूल मागे डिंक लावलेलं, प्रोव्हिजनलचं टाचणीने टोचायचं. म्हणून ऑफिशियलवाल्यांना 'स्टिकी' म्हणू लागले आणि ते नाव कायमचं चिकटलं. हुतात्मे तेच, फूल तेच, आणि बेलफास्टमध्ये हे दोन गट एकमेकांवर बंदुका चालवत होते.

ॲडम्स आणि त्याचा साथीदार मार्टिन मॅगिनिस याच वातावरणात घडले. म्हणून त्यांची चाल बघा. 1994 ला शस्त्रसंधी. ती 1996 ला लंडनच्या डॉकलँड्समधल्या बाँबने मोडली, 1997 ला पुन्हा शस्त्रसंधी. 1998 च्या करारात तर उत्तर आयर्लंडमधल्या बहुमताच्या संमतीशिवाय एकीकरण नाही हे मान्य केलं, म्हणजे सगळं आयर्लंड एकच प्रजासत्ताक या जुन्या सिद्धांताचा कणाच मोडला. तरी शस्त्रं निकालात निघायला 2005 उजाडलं, पोलिसांना मान्यता द्यायला 2007. युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनसोबत राहू इच्छिणारे, चिडायचे आणि त्यांचं चिडणं रास्तच होतं. बंदूक घरात ठेवून सरकारात बसणाऱ्यावर कोण विश्वास ठेवेल? तरी मला वाटतं, घाई केली असती तर निम्मी शस्त्रं फुटीर गटाबरोबर गेली असती. 1997 ला जो लहानसा तुकडा तुटला, त्या रिअल आयआरएने पुढच्याच ऑगस्टमध्ये उत्तर आयर्लंडमधल्या ओमा गावाच्या बाजारात 29 माणसं मारली.

या संथपणाची किंमत मात्र नेत्यांनी मोजली नाही. आयआरएने मारून गुपचूप पुरलेल्यांच्या घरच्यांना हाडं मिळायला दशकं लागली, काहींना अजून मिळालेली नाहीत.

"मग आता फूट संपली का?" या तुमच्या उपप्रश्नाचं उत्तर उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात आहे. एप्रिल 2019 मध्ये क्रेगन वस्तीतल्या दंगलीत न्यू आयआरए या फुटीर गटाच्या बंदूकधाऱ्याने पोलिसांच्या दिशेने गोळ्या झाडल्या आणि लायरा मकी ही 29 वर्षांची पत्रकार गेली. चारच दिवसांनी तिच्या मैत्रिणी त्या गटाच्या जवळच्या मानल्या जाणाऱ्या पक्षाच्या कचेरीपाशी गेल्या. पंजे लाल रंगात बुडवले आणि तिथल्या माणसांच्या डोळ्यांदेखत भिंतीवर उमटवले.