कृत्रिम डोळ्याचा क्लेम ‘कॉस्मेटिक’ म्हणून नाकारला, आता काय करायचं?

ताई, तुमचा मेसेज नीट वाचला. लेक पंधरा वर्षांची, अडीच वर्षांची असताना डोळ्याचा कॅन्सर म्हणजे रेटिनोब्लास्टोमा निघाला आणि डावा डोळा काढावा लागला. आता पोरगी ठणठणीत आहे पण आठव्या वर्षी बसवलेला कृत्रिम डोळा लहान पडतोय, आत फिरतो, सारखी चिपडं येतात. नवीन मापाच्या डोळ्याला ३२ हजार सांगितलेत, इन्शुरन्सवाल्यांनी क्लेम फेटाळला, अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर ३० टक्के आले आणि आता सेलूतलाच एकजण म्हणतो पैसे द्या, चाळीस करून आणतो.

आधी त्या माणसाचं. त्याच्या नादी लागूच नका. ३० टक्के चुकून आलेले नाहीत, एका डोळ्याची नजर पूर्ण गेली आणि दुसरा चांगला असला की सरकारी तक्त्यात तेवढेच बसतात. बहुतेक योजना आणि आरक्षण ४० पासून पुढं. मला हा तक्ता पटत नाही, पण कायदा आज तसाच आहे. खोटे टक्के दाखवून सवलत घेतली तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एजंट पैसे घेऊन मोकळा होतो, अर्जावर सही तुमची असते. ३० टक्क्यांचं सर्टिफिकेट मात्र फेकू नका. लेखनिक किंवा जादा वेळ फक्त ४० टक्केवाल्यांनाच असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२१ ला विकास कुमार केसमध्ये सांगितलंय. दहावीला वाचायला त्रास होत असेल तर डॉक्टरचं पत्र जोडून शाळेमार्फत बोर्डाकडं अर्ज करा.

आता मुद्द्याचं. तुम्ही अपंगत्वाच्या दारात उभ्या आहात, पण तुमचं दार कॅन्सरचं आहे. पॉलिसीचं जाड बुकलेट काढा आणि त्यात ‘एक्सक्लूजन ०८’ शोधा. हे कलम आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, ठरवून दिलेलं आहे, कंपनी कुठलीही असली तरी मजकूर तोच. कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळणार नाही असं त्यात आहे खरं, पण पुढं लगेच अपवाद आहे, अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरची पुनर्रचना असेल तर ही बंदी लागू नाही. तुम्हाला आलेल्या नकाराच्या पत्रात कंपनीनं अर्धंच वाक्य वापरलंय. पोरगी काय नटायला डोळा बसवतेय का?

एवढ्यावर क्लेम पास होईल असं मात्र समजू नका. कंपनी दुसरी अडचण काढणार, की ॲडमिट झालं नाही, ओपीडीत माप घेऊन डोळा बसवला, किंवा हे बाहेरून लावायचं साधन आहे, आणि पॉलिसीत तसं लिहिलेलं असेल तर त्यांचा मुद्दा हलका नाही. म्हणून डॉक्टरचं सर्टिफिकेट मोघम नको. त्यात स्पष्ट हवं की कॅन्सरमुळं डोळा काढला, योग्य मापाचा डोळा नसला तर खोबण आकसते, पापणीला आधार राहत नाही आणि वाढत्या वयात मोठा डोळा लागतोच. खोबणीचं ऑपरेशन लागणार असेल तर तेही लिहून घ्या, मग केस बरीच घट्ट होते.

अजून एक, मिस्टरांनी पॉलिसी काढताना फॉर्मवर लेकीचा कॅन्सर लिहिला होता का? भांडायच्या आधी हे बघा. लिहिला नसेल पण पॉलिसी खंड न पडता पाच वर्षं चालू असेल तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला तो मुद्दा काढता येत नाही.

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी, पोच ठेवून. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी), नकारापासून एका वर्षाच्या आत. फी नाही, वकीलही लागत नाही, माझाही नाही. परभणीच्या ग्राहक आयोगातही जाता येतं, पण तिथं केस टाकली की लोकपाल तोच विषय घेत नाही, त्यामुळं आधी लोकपाल.

या सगळ्यात महिने जातील आणि डोळा तर आत्ता हवाय. त्यासाठी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ एए खाली १० टक्के बेड मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवावे लागतात. वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत सवलत. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला कृत्रिम डोळ्याचं कोटेशन दाखवून गरीब रुग्ण निधीतून मागा, लेखी मागा, आणि नाही म्हणले तर लेखी नकार घेऊन जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात जा. आपल्याकडचे बरेच जण हैदराबादला जातात, तिथं चांगलं काम होतं पण हा कायदा तिथं चालत नाही, तिथल्या हॉस्पिटलची स्वतःची मोफत सोय असेल तर तीच. ऑपरेशन लागलं तर महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या मदतनीसाला, भेटा. ती योजना आता राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना आहे, पांढऱ्या कार्डावरही, रेशन कार्ड सोबत ठेवा.

अर्ज लिहायला अडलं तर १५१०० ला फोन करा, विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला आणि लेकराला वकील फुकट मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. आणि पॉलिसीच्या फॉर्मची झेरॉक्स अन् नकाराचं पत्र मला पाठवा, तक्रारीचा मसुदा ते बघूनच ठरवता येईल.