गोधडी काढू नकोस

प्रिय पोरी,

रविवारी तू गेलीस तेव्हा मी उठून दारापर्यंतही आलो नाही. तुझी काकू त्यावरून मला बरंच बोलली. राग आला होता खरा, पण तो नेमका कशाचा हे कळायला दोन दिवस गेले. समोर बसलो की माझा आवाज चढतो, म्हणून लिहून पाठवतो आहे.

तू तुझ्या सुपरहिरो सिनेमाबद्दल विचारलंस, "काका, दुसरा भाग पहिल्यापेक्षा मोठा नको का?" हाच प्रश्न मी २००६ साली स्वतःला विचारला होता आणि चुकीचं उत्तर दिलं होतं. ते पुढे सांगतो. आधी तुझं.

तुझ्या वहीतली ती तीन पानं. खलनायक आपल्या नागपुरात बर्डीच्या मेट्रो स्टेशनवर उतरतो, झिरो माइलचा खांब उपटतो आणि तुझा मीटर रीडर तळहातांतून आगीचे गोळे सोडत हवेत जातो. चित्रं सुरेख काढलीस, हात आहे तुला. पण मी त्या पानांत एकच गोष्ट शोधत होतो आणि ती सापडेना. गोधडी कुठे गेली?

पहिल्या भागात तुझ्याकडे अकरा मिनिटं होती आणि मित्राचा मोबाइल. ऐन मे महिना, दुपारचे दोन. मीटरचं रीडिंग घ्यायला गेलेला पोरगा ऊन लागून निपचित पडलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवतो आणि ताप स्वतःत ओढून घेतो. एवढ्याने सुपरहिरो होत नाही, असा अंगारा लावणारा प्रत्येक गल्लीत एक असतो. खरा सिनेमा त्यानंतर सुरू झाला. तो घरी येतो, दात वाजताहेत. आई काही न विचारता कूलर बंद करते आणि जुन्या लुगड्यांची गोधडी त्याच्या अंगावर टाकते. पंख्याचा घरघराट थांबतो, ताट्यांतून पाणी टपटपत राहतं, बाहेर शेहेचाळीस डिग्री, आणि आत तो थडथड कापतो आहे. कॉलेजच्या हॉलमध्ये माझ्या पुढच्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. त्यांनी त्या क्षणी पदर खांद्यावर ओढून घेतला. मी पडदा सोडून त्यांच्याकडे बघत राहिलो. पोरी, त्या पदरासाठी लोक आयुष्यभर सिनेमे काढतात.

आणि दुसऱ्या भागात तू एका वाक्यात लिहून मोकळी झालीस: आता त्याची शक्ती ताब्यात आली आहे, त्यामुळे थंडी वाजत नाही. काहून? कोणी सांगितलं तुला ती ताब्यात आणायला?

ताकद वाढवू नकोस, अडचण वाढव. मी हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी. ताकदीला पैसा लागतो. अडचण फुकट मिळते.

तू म्हणशील, काका हॉलीवुडचं बोला. बोलतो. सुपरमॅनचा चौथा भाग १९८७ साली आला. तो काढणाऱ्या कॅनन कंपनीचे पैसे आटले होते, तीन कोटी साठ लाख डॉलरच्या आसपास ठरलेलं बजेट निम्म्याहून खाली, एक कोटी सत्तर लाखांवर आलं. इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये न्यूयॉर्क उभं केलं. उडण्याचा एकच तुकडा, तोच चेहरा, तीच झेप, मागचं आभाळ बदलून पुन्हा पुन्हा वापरला. लोक आजवर त्या तुकड्याला हसतात. माझं म्हणणं वेगळं आहे. तो तुकडा दहा वेळा आला असता तरी मी सहन केला असता. मला खटकते ती चीनची भिंत. खलनायक भिंत फोडतो आणि सुपरमॅन नुसता बघतो, की विटा आपोआप जागेवर जाऊन बसतात. ही शक्ती आधीच्या तीन भागांत कुठेच नव्हती. लिहिणारे अडले आणि त्यांनी नायकाच्या खिशात नवी शक्ती टाकून दिली. अशा वेळी बघणारा मनातल्या मनात हिशेब करतो की आता याला काहीच होणार नाही, आणि खुर्चीत मागे रेलतो. एकदा का तो रेलला की त्याला दोऱ्या दिसतात, रंगवलेलं आभाळ दिसतं, सगळं दिसतं. गरिबी आधीपासूनच पडद्यावर होती, पण तोवर तिच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

त्याच १९८७ मध्ये आपल्याकडे मिस्टर इंडिया आला. अदृश्य माणूस, पण लाल उजेडात दिसतो. त्या एका लाल काचेने अख्खा सिनेमा ताणून धरला. काचेची किंमत काय असते सांग.

डार्कमॅनचंही तसंच. १९९० च्या पहिल्या भागात त्याची नकली कातडी उजेडात फक्त ९९ मिनिटं टिकते. पुढचे दोन भाग थेट व्हिडिओ कॅसेटवर आले, नायकाचा नट बदललेला, आणि दुसऱ्या भागात तर पहिल्यात मेलेला खलनायक कोमातून उठवून आणला. घड्याळ हातात असताना मेलेला माणूस उठवायची काय गरज होती?

आणि ग्लास. २०१९, बजेट दोन कोटी डॉलर, तिकडच्या मानाने किरकोळच, आणि तेही दिग्दर्शक श्यामलनने स्वतःचे घातलेले. लोकांची तक्रार अशी की शहरातल्या सगळ्यात उंच टॉवरवर शेवटची मारामारी होणार म्हणून आशा लावली आणि ती झाली इस्पितळाच्या अंगणात. तक्रार खरी आहे. परवडत नसेल तर टॉवरचं नाव काढू नये. पण त्याच अंगणात त्या लोखंडासारख्या नायकाचं डोकं हातभर डबक्यात दाबून धरतात, तो प्रसंग बघ. पाण्याने त्याचा घात होतो, हे त्याच नायकाच्या २००० सालच्या पहिल्या सिनेमात, अनब्रेकेबलमध्ये, पेरलेलं आहे. एकोणीस वर्षांनी ते उगवलं, एका डबक्यात. डबकं करायला बादलीभर पाणी लागतं. तुझ्याकडे एक लाख चाळीस हजार आहेत. टॉवरचं नाव घेऊ नकोस, डबकं शोध.

मालेगावचं उदाहरण मला देऊ नकोस, ते तू रविवारीही दिलंस. यंत्रमागावर काम करणाऱ्या त्या सडपातळ माणसाला सुपरमॅन करणाऱ्या पोरांबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यांना लोकांना हसवायचंच होतं, त्यांचा नायक धडपडत उडाला तरी सिनेमा जिंकत होता. तुझ्या मीटर रीडरला कोणी हसलं तर तुझा सिनेमा संपला.

आता माझं ऐक. २००४ साली मी लग्नाचे व्हिडिओ करायचो आणि उरलेल्या वेळात एक सिनेमा केला, चाळीस मिनिटांचा. नायक रात्रपाळीचा चौकीदार, त्याला मैलभरावरचं ऐकू येतं. बस, एवढीच शक्ती. झाडीपट्टीच्या नाटकांतला एक नट मिळाला, हंगाम संपला की रिकामा असायचा. आम्ही दोघं रात्री एक वाजता रेकॉर्डर घेऊन फिरायचो. अजनीकडून येणारी मालगाडी, टेकडी गणपतीची घंटा, शटर ओढल्याचा आवाज, लोडशेडिंगमध्ये एका घरात म्हातारीचं खोकणं. पडद्यावर फक्त त्याचा चेहरा आणि कान. त्याला सगळं ऐकू यायचं आणि सगळीकडे पोचता यायचं नाही, ही त्याची अडचण. सायकल होती बिचाऱ्याकडे. सीडीवर फिरला तो सिनेमा, वर्ध्या-भंडाऱ्यापर्यंत.

मग एका व्यापाऱ्याने दुसऱ्या भागासाठी तीन लाख दिले आणि म्हणाला, हिरो उडला पाहिजे. मी हो म्हणालो. गांधीबागेतून हिरवं कापड आणलं, नंतर कंप्युटरवर ते पुसून मागे आभाळ घालायचं म्हणून, आणि गच्चीवर बांबूंना ताणून बांधलं. वारा सुटला की कापडाला सुरकुत्या, प्रत्येक सुरकुतीत हिरव्याची वेगळी छटा. नायकाचा पोशाख सॅटिनचा शिवला होता, त्यावर हिरवी झाक मारायची, म्हणजे कापड पुसायला गेलं की त्याचा खांदाही पुसला जायचा. कॅमेरा मिनी डीव्ही. त्या टेपवर उजेडाची जेवढी माहिती असते त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढीच रंगाची असते, त्यामुळे कडा करवतीने कापल्यासारख्या. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. तुझा मोबाइलही रंग असाच वाचवतो, म्हणून सांगतो आहे. एकेका फ्रेमवर रात्री काढल्या मी. नव्वद सेकंदांच्या उडण्यात पैसे संपले. उरलेला सिनेमा उरलेल्या पैशात.

शूटिंगच्या चौथ्या दिवशी तो नट गच्चीवर लाल सॅटिन घालून, पोटाला पट्टा बांधून लोंबकळत होता. खाली उतरल्यावर घाम पुसत मला म्हणाला, "भाऊ, या भागात मले आयकू येत नाही का जी?"

मी त्याच्यावर ओरडलो. सगळ्यांसमोर. आधीच उशीर झालाय आणि तुला डायलॉग सुचताहेत, असं काहीतरी. तो गप्प बसला, काम पूर्ण केलं, पैसे घेतले आणि गेला. पहिल्या खेळाला उडण्याच्या प्रसंगात पोरं हसली. मी मागे उभा होतो. त्या दिवसापासून तो आणि मी बोललेलो नाही.

मला परिस्थिती होती, हेही लिहून ठेवतो. घराचा हप्ता होता, मोठीची फी होती. तीन लाख समोर ठेवणाऱ्याला नाही म्हणण्याची ऐपत असावी लागते. मी सिनेमा वेळेत पूर्ण केला, कोणाचा रुपया बुडवला नाही. व्यापाऱ्याने "उडला पाहिजे" म्हटलं तेव्हा "ऐकला पाहिजे" असं म्हणणारं माझ्याबाजूने कोणी नव्हतं, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. खोटं आहे ते. एक जण होता, आणि तो पट्ट्याला लोंबकळत होता. तू वही उघडलीस तेव्हा मला ती गच्ची दिसली. राग त्याचा होता.

तू नागपूरच्या महाल भागात वाढलीस, मारबत तुला मी काय सांगावी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणारी मारबतीची पुतळी, काळी आणि पिवळी, दर वर्षी तीच असते. तिला कोणी पंख लावत नाही. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ही हाकही तीच. बदलतो तो तिच्यासोबतचा पुतळा, बडग्या. कधी महागाईचा, कधी खड्ड्यांचा, त्या वर्षी जे लोकांच्या जिवावर आलेलं असतं त्याचा. बांबू, कागद, रंग, आणि गर्दी रस्त्यावर मावत नाही. दुसऱ्या भागाचं गणित आपल्या गावाला इतक्या वर्षांपासून येतं आणि तू ते मेट्रो स्टेशनवर शोधून राहिलीस.

मग अडचण कोणती? तुझ्याच नायकाकडे बघ. मीटर रीडर आहे. आता घरोघर स्मार्ट मीटर बसू लागलेत, रीडिंग घ्यायला माणूस लागणार नाही. ज्या निमित्ताने तो लोकांच्या दारात उभा राहायचा ते निमित्तच गेलं. आता आजारी लेकरू कोणत्या घरात आहे हे त्याला कळणार कसं, आणि अनोळखी पोराला घरात घेणार कोण? याला एक रुपया लागत नाही. दुसरी अडचण: डिसेंबर. मे महिन्यात तो इतका कापला, तर नागपूरच्या थंडीत ताप ओढून घेतल्यावर त्याचं काय होईल? ती गोधडी पुरेल का? आईने काय काय आणून टाकायचं त्याच्या अंगावर? मला तर ती आई दिसते आहे, ट्रंक उपसणारी. हे मी सुचवतो आहे, लिहायचं तुलाच आहे. आणि डिसेंबरात करणार असशील तर बर्डीकडे जाऊ नकोस, अधिवेशनाच्या बंदोबस्तात ट्रायपॉडसुद्धा उघडू देणार नाहीत. गल्लीत कर. पहाटे पाचला धुकं फुकट मिळतं.

खलनायकाचा विचार तू फार केलास, तो कमी कर. पैशांपैकी चाळीस हजार आवाजावर ठेव, हट्टाने ठेव. दात वाजण्याचा आवाज मोबाइलच्या माइकवर येत नाही. माझा जुना रेकॉर्डर अजून चालतो, तो घेऊन जा, फक्त सेल नवे टाक.

आगीच्या गोळ्यांची ती तीन पानं फाडू नकोस, चित्रं चांगली आहेत. पण सिनेमात ती मला दिसली तर मी पुन्हा दारापर्यंत येणार नाही. ताकद वाढवू नकोस. अडचण वाढव.

रविवारी ये, अकरापर्यंत ये म्हणजे जेवून जाशील. येताना ती गोधडी आण, मला ती हातात धरून बघायची आहे. आणि नायकाच्या बापाचं जे काम तू अर्धवट लिहून सोडलंस, त्यासाठी माझ्या माहितीत एक माणूस आहे. आता साठीचा असेल. वडसा भागात अजून नाटकं करतो असं ऐकतो. त्याचा नंबर माझ्याकडे आहे, इतकी वर्षं आहे. मी तो लावू शकलेलो नाही. तू लाव. नंबर कोणी दिला विचारलं तर माझं नाव सांग.

तुझा,
काका