शिक्षेतर, शिक्षोत्तर आणि हे ‘शिक्षेत्तर’ कोण?

प्रश्न असा: शिक्षा भोगून झालेल्या गुन्हेगाराला ‘अजून धोकादायक आहे’ म्हणून डांबून ठेवतात, त्याला ‘शिक्षेत्तर कोठडी’ म्हणावे का?

नाही. कोठडी तपास किंवा खटला चालू असतानाची. इथे ‘स्थानबद्धता’ हवी. राहिले ‘शिक्षेत्तर’. ‘शिक्षकेत्तर कर्मचारी’ लिहिणाऱ्यांचाच हा जोड-त! शिक्षा + इतर = शिक्षेतर, शिक्षेहून निराळे. शिक्षा + उत्तर = शिक्षोत्तर, शिक्षेनंतरचे. ‘शिक्षेत्तर’ कोणत्याही संधीने होत नाही.

हा नुसता शुद्धलेखनाचा कीस नव्हे. न्यायालयांतली भांडणे याच दोन शब्दांची आहेत. सरकार म्हणते, ही स्थानबद्धता शिक्षेतर. आत बसलेला म्हणतो, शिक्षोत्तर असली तरी शिक्षाच. शिक्षा ठरली की एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नको, पूर्वलक्षी शिक्षा नको, हे आक्षेप लागू होतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅन्सस विरुद्ध हेंड्रिक्स (1997) मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी ती दिवाणी स्वरूपाची, म्हणजे शिक्षेतर ठरवली. जर्मनीने पहिल्यांदाच स्थानबद्ध होणाऱ्यांसाठीची 10 वर्षांची कमाल मर्यादा 1998 मध्ये काढली, तीही आधी निकाल लागलेल्यांसह. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2009 मध्ये ठणकावले: कायद्याने नाव काहीही दिले तरी माणूस तुरुंगातच आहे, तेव्हा ही शिक्षाच. म्हणून बातमीत ‘शिक्षोत्तर स्थानबद्धता’ लिहा, त्यात फक्त काळ येतो. ‘शिक्षेतर’ म्हटलेत की सरकारची बाजू घेतलीत, ‘वाढीव शिक्षा’ म्हटलेत की कैद्याची.

खरी गंमत ‘शिक्षा’ शब्दातच आहे. 2011 मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने बजावले की स्थानबद्धता तुरुंगवासाहून स्पष्ट वेगळी हवी: उपचार हवेत, सुटकेच्या दिशेने तयारी हवी. म्हणजे मराठी अर्थाची शिक्षा ठरायची नसेल, तर संस्कृत अर्थाची शिक्षा द्या! संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणे, शिकवणे. मुळात ‘शक्’ धातूचे इच्छार्थक रूप, समर्थ होण्याची इच्छा. शिकवता शिकवता दंड करणे आले आणि मराठीत दंडच उरला. धातुपाठातला, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीतला, ‘शिक्ष विद्योपादाने’ (शिक्ष म्हणजे विद्या घेणे) हा स्वतंत्र धातू दाखवून काही पंडित ही व्युत्पत्ती उडवून लावतात. त्यांनी व्याकरणकार पाणिनीचे इच्छार्थक रूपांचे सूत्र ‘सनि मीमाघुरभलभशकपतपदामच इस्’ उघडावे. शक् पासून ‘शिक्षति’ तिथेच सिद्ध होते. धातुपाठातली नोंद ही त्याच रूपाला नंतर मिळालेली वेगळी चूल, असे माझे मत आहे आणि ते मी बदलणार नाही.