सीझरचा ऱ्हाइनवरचा पूल १० दिवसांत कसा झाला, आणि प्रवाहात टिकला कसा?

इ.स.पू. ५५ मधला हा पूल टिकला तो मुख्यतः खांबांच्या तिरकेपणामुळे. दीड रोमन फूट (सुमारे ४५ सेंमी) जाडीचे, टोक काढलेले दोन ओंडके दोन फुटांचं अंतर ठेवून जोडायचे, यंत्राने नदीत सोडायचे आणि वरून ठोकायचे. उभे नाही, प्रवाहाच्या दिशेने कलते. प्रवाहाच्या खालच्या अंगाला ४० फुटांवर तशीच जोडी, पण प्रवाहाविरुद्ध कललेली. दोन्ही जोड्यांच्या फटींत दोन फूट जाड आडवी तुळई बसवून दोन्ही टोकांना अडसर घालायचे. पाण्याचा जोर वाढला की सांधा सैल होण्याऐवजी आणखी आवळायचा.  तुळयांवर लांब लाकडं, त्यावर काठ्या आणि विणलेले ताटवे.

खरा धोका शत्रूने पूल पाडायला प्रवाहात वरून सोडलेल्या ओंडक्यांचा आणि होड्यांचा. म्हणून वरच्या बाजूला थोड्या अंतरावर वेगळे खांब ठोकले होते, आणि पाण्याचा जोर पेलायला खालच्या बाजूला तिरके टेकू.

१० दिवस हे लाकूड गोळा करायला लागल्यापासूनचे. पलीकडची युबी ही जर्मन जमात नदी ओलांडायला होड्या द्यायला तयार होती, पण सीझरला ते सुरक्षितही वाटलं नाही आणि रोमच्या प्रतिष्ठेला साजेसंही. पलीकडे १८ दिवस काढून परत आल्यावर त्याने पूल तोडला.